भंडाऱ्यानं अडलेला खटका

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी उतारावरचा बर्फ सुटला. सुमारे चाळीस मीटर रुंदीचा थर, एकाच आवाजात. माधवी तेव्हा उताराच्या मधोमध होती. नऊ वाजून तेरा मिनिटांनी सगळं थांबलं आणि ती कुठंच दिसेना.

मित्रांनो, मी एक जुना बीकन आहे. बीकन म्हणजे बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचं यंत्र. आकार साबणाच्या वडीहून जरा मोठा, रंग एकेकाळी लालभडक. गिर्यारोहक मला जाकिटाखाली छातीशी पट्ट्यानं बांधतात. माझ्या डाव्या अंगाला एक सरकता खटका आहे आणि त्याला तीन जागा आहेत. पहिली 'बंद'. दुसरी 'हाक': तिथं मी दर सेकंदाला, माणसाला ऐकू न येणारी एक हाक देतो. तिसरी 'शोध': तिथं मी स्वतः गप्प होतो आणि दुसऱ्या बीकनची हाक ऐकतो. ती किती लांब आहे ते माझ्या पडद्यावर उमटतं. चढताना सगळे हाकेवर असतात. कुणी गाडलं गेलं की उरलेल्या सगळ्यांनी तत्काळ शोधावर यायचं असतं.

त्या सकाळी माझा खटका दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या जागेवर गेला नाही. का गेला नाही, ते सांगण्यासाठी मला थोडं मागं जावं लागेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथं मला पाण्यात बुडवून पाहिलं, गोठवून पाहिलं, फरशीवर आपटून पाहिलं. मी प्रत्येक वेळी हाक दिली. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतलं, दोनदा हिमालयात नेलं, आणि गुडघे दुखू लागल्यावर बारामतीच्या एका महाविद्यालयातल्या गिर्यारोहण मंडळाला देऊन टाकलं. मंडळानं मला टेबलावर मांडलं, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. मग मला लोखंडी कपाटात ठेवलं आणि तीन वर्षं विसरून गेले.

कपाटात माझे सेल फुटले. पांढरट खार आतल्या पत्र्यांवर चढला. मी संपलो असं मला वाटलं होतं. एका दुपारी माधवीनं कपाट उघडलं. ती तेव्हा मंडळात नवी होती. बारामतीच्याच एसटी डेपोतल्या मेकॅनिकची मुलगी, त्यामुळे बिघडलेली वस्तू दिसली की तिला राहवत नसे. तिनं लिंबाचा रस आणि जुना दातांचा ब्रश आणला आणि दोन तास माझ्यापाशी बसून राहिली. खार गेला. नवे तीन सेल घातल्यावर मी पहिली हाक दिली. तिनं माझ्या झाकणाच्या आत कागदाची चिठ्ठी चिकटवली: 'काम झाल्यावर सेल काढा. मला विसरू नका.'

यंदाच्या हिवाळी मोहिमेसाठी मंडळानं चार नवे बीकन घेतले. माणसं पाच होती. पाचवा बीकन मी. मला इंद्रजितनं मागून घेतलं.

इंद्रजित इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा. त्याच्या घरी पूर्वी दीडशे मेंढरं होती. त्याचे आजोबा, भीमाआबा, चाळीस वर्षं दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरत आणि पावसाच्या तोंडाशी परत येत. मेंढरं विकून आता बारा वर्षं झाली. घरापुढं उसाचं रान आहे. डिसेंबरात ऊस तुटून गेला आणि रानात पाचटाचे, म्हणजे वाळक्या पाल्याचे, ढीग पडले. बर्फ निरवांगीत कुठला? इंद्रजितनं सरावासाठी पाचटच धरलं.

माधवी आपला नवा बीकन घेऊन स्कूटीवरून बारामतीहून आली. इंद्रजितची धाकटी बहीण छकुली मला कुठल्यातरी ढिगात पुरायची आणि ओरडायची, "आता शोधा!" आबा बांधावर बसून घड्याळ लावायचे. पहिल्या दिवशी माधवीनं मला तीन मिनिटं चाळीस सेकंदांत काढलं. इंद्रजितला पाच मिनिटं लागली.

"पोरगी पुढं गेली की रं लेका तुझ्या," आबा म्हणाले. "तू काय चाचपत बसला व्हतास? पिसवा?"

"आबा, ह्यो बोलतोय त्याच्या मागं जायचं असतं. सरळ पळता येत न्हाय."

"बोलतोय? मला तर कायबी ऐकू येईना. माझं कान गेलं का ह्याचं तोंड?"

माधवी हसली. "त्याची हाक माणसाला ऐकू येत नाही आबा. दुसऱ्या बीकनलाच येते."

"म्हंजी मेंढरागत." आबांनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. त्यांचा तळवा खरखरीत आणि उबदार होता. "म्होरक्याच्या गळ्यात घंटा बांधायचो आमी. घाटात धुकं पडलं की कळप डोळ्यानं राखता येत न्हाय, कानानं राखावा लागतो. घंटा गप झाली की काळजात चर्र व्हायचं."

आबा माझं काम इतक्या लवकर समजून घेतील असं इंद्रजित आणि माधवीला वाटलं नसावं. मग माधवीनं सांगितलं, की बर्फाखाली पहिली पंधरा मिनिटं फार मोलाची असतात. तेवढ्यात बाहेर काढलं तर बहुतेक माणसं वाचतात. त्यानंतर आशा झपाट्यानं कमी होत जाते.

आबांनी घड्याळ खिशात घातलं. "मग जाताच कशाला तितं?"

"तुम्ही कोकणात कशाला जात होता?"

"मेंढरं जगवाया."

"आणि तिथं बिबटे नव्हते?"

"व्हते की."

"मग?"

"लई बोलती ही," आबा इंद्रजितला म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि भाकरीवर लोण्याचा मोठा गोळा स्वतःच्या हातानं ठेवला.

निघायच्या सकाळी आबांनी भंडाऱ्याची डबी काढली. भंडारा म्हणजे बिरोबाला वाहिलेली हळद. या घरातून जे काही उंबऱ्याबाहेर पडतं, त्याला भंडारा लागतो. नव्या मेंढीला लागला होता, ट्रॅक्टरला लागला, छकुलीच्या शाळेच्या दप्तराला लागला. आबांनी इंद्रजितच्या कपाळाला लावला, बुटांना लावला, बर्फातल्या कुऱ्हाडीला लावला. मग मला उचललं.

"आबा, यंत्र हाय ते," इंद्रजित म्हणाला.

"ट्रॅक्टरबी यंत्रच हाय. त्याला लावला तवा काय बिघडलं?"

आबांनी चिमूट भरली, मग विचार बदलून आणखी एक भरली. "ह्यो म्होरक्या हाय. ह्याला जास्त पायजे." आणि ती पिवळी पूड त्यांनी माझ्यावर सोडली. बरीचशी खाली सांडली. थोडी खटक्याच्या फटीत उतरली. मला ते कळलं, पण मला फक्त एकच हाक देता येते, आणि तिचा अर्थ 'मी इथे आहे' एवढाच होतो.

दौंडला गाडीत बसल्यावर इंद्रजितनं मला रुमालानं पुसलं. वरून मी स्वच्छ झालो. फट कुणी पाहिली नाही.

आता डोंगर. हिमाचलातलं एक उंच खोरं. पाच जणांचे नेते युवराजसर. ते मोजकं बोलत आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या बीकनची पूर्ण परीक्षा घेतली, हाक आणि शोध दोन्ही. तेव्हा माझा खटका सरकला. जरा जड, पण सरकला. त्यानंतर रोज सकाळी फक्त हाक तपासली जायची. सर आपला बीकन शोधावर ठेवून वाटेत उभे राहात आणि एकेक जण त्यांच्यापुढून चालत जाई. "सौरभ, चालू. माधवी, चालू. इंद्रजित, चालू."

मी रोज पास होत होतो, मित्रांनो. अर्ध्या परीक्षेत.

दिवसभर चढून इंद्रजितच्या अंगाला घाम यायचा. त्याची ओल माझ्या फटीत शिरायची. हळद भिजायची, संध्याकाळी गोठायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजायची. चार दिवसांत तिचा घट्ट लगदा झाला. पाचव्या दिवशी दुपारी तंबूत इंद्रजितनं सहज खटका शोधाकडं ढकलला. तो अर्ध्यात अडला. त्यानं दोन्ही अंगठे लावले. कटकन आवाज होऊन तो कसाबसा गेला आणि तितक्याच कष्टानं परत आला.

इंद्रजितच्या अंगठ्याला पिवळं लागलं होतं. तो ते बघत राहिला. समोर माधवी स्टोव्हवर बर्फ वितळवत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. थंडीनं हात आखडलेत."

"मग कपडे घाल ना नीट. आबांना फोन करून सांगू का?"

"सांग. इथं रेंज सापडली तर मलाबी सांग."

ती हसली. तोही हसला. जादा बीकन नव्हता. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी इंद्रजितला तळावरच ठेवलं असतं, शिखर दुसऱ्या दिवसावर असताना. शिवाय खटका का अडला हे सांगावं लागलं असतं, आणि आजोबांच्या भंडाऱ्यावर कुणी हसलेलं त्याला नको होतं. रात्री त्यानं मला झोपायच्या पिशवीत पोटाशी घेतलं. उबेनं सुटेल, असं त्याला वाटलं असावं.

त्या रात्री वारा फिरला. पश्चिमेकडचा ताजा बर्फ उडून पूर्वेच्या उतारावर साचला. सकाळी युवराजसरांनी फावड्यानं बर्फात खड्डा खणला आणि आतले थर पाहिले. वर घट्ट फळीसारखा थर. त्याखाली साखरेसारखे सुटे दाणे. त्यांनी फावडं वर ठेवून कोपरानं हलकेच ठोकलं. वरचा थर सरळ घसरून खाली आला.

"साखरेच्या ढिगावर फरशी ठेवलीय," सर म्हणाले. "आज शिखर नाही. परत फिरायचं, ऊन चढायच्या आत."

कुणी वाद घातला नाही. खाली उतरायला एक उतार आडवा ओलांडणं भाग होतं. सरांनी नियम सांगितला: एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी त्याच्यावर डोळा ठेवायचा. आधी सर गेले, मग सौरभ. तिसरी माधवी. इंद्रजित आणि आणखी एक जण अलीकडं थांबले.

नऊ वाजून बारा मिनिटांनी बर्फातून 'धप्प' असा आवाज आला. भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा.

पुढचं मी वेळेसह सांगतो. सरांच्या वहीत तसंच लिहिलं आहे.

नऊ चौदा. सर आणि सौरभ पलीकडून, इंद्रजित आणि त्याचा सोबती अलीकडून, बर्फाच्या ढिगाऱ्यावर उतरले. तिघांनी बीकन शोधावर घेतले. इंद्रजितनं माझा खटका ढकलला. तो हलला नाही. त्यानं हातमोजा काढून ढकलला. मग दातांनी. मी हाकेवरच राहिलो आणि हाक देत राहिलो. त्यासाठीच मला घडवलं होतं.

नऊ सतरा. सरांच्या पडद्यावर आकडे उतरू लागले. तीस मीटर. बावीस. अकरा. सर पळत आले, आणि समोर इंद्रजित उभा होता.

"तू शोधावर आहेस ना?"

"सर, खटका कुठंच सरकत न्हाय!"

सरांना सगळं एका श्वासात कळलं. इतका वेळ ते माझ्याच हाकेमागं आले होते. "सेल काढ! आधी सेल काढ!"

झाकण गोठलेलं होतं. इंद्रजितची बोटं उघडी होती आणि त्यांना आता काही जाणवत नव्हतं. त्यानं कुऱ्हाडीच्या टोकानं झाकण उचकटलं. तीन सेल बर्फात पडले.

नऊ एकोणीस. मी मुका झालो.

लगेच सरांच्या बीकननं दुसरी हाक पकडली. क्षीण, पण नेमकी. माझ्यापासून सव्वीस मीटर खाली. ते धावले. नऊ चोवीसला बर्फात खुपसलेली लांब सळई मऊ वस्तूला लागली, दीड मीटर खोल. चौघांनी फावडी चालवली. इंद्रजितनं हातमोजे घातलेच नाहीत. नऊ एकतीसला माधवीचा चेहरा उघडा झाला. ती श्वास घेत नव्हती. सौरभनं तोंडानं श्वास द्यायला सुरुवात केली.

नऊ चौतीसला तिची छाती स्वतःहून वर आली.

नंतर बचावाचं हेलिकॉप्टर आलं, डोंगराखालचं रुग्णालय आलं, आणि तेराव्या दिवशी माधवीला बारामतीला आणलं. तिचा श्वास तिचाच होता. पण तिनं डोळे उघडले नव्हते.

इंद्रजित निरवांगीला आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. आबांनी त्याला उंबऱ्यात कवटाळलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग विचारलं, "म्होरक्या कुठं हाय?"

इंद्रजितनं मला पिशवीतून काढून दिलं. आबांनी खटका ढकलून पाहिला. नख फटीत घातलं. नखाला पिवळं लागलं. ते खाली बसले.

"माझ्या हातानं झालं व्हय रं हे?"

"न्हाय आबा. मला आदल्या दिशीच कळलं व्हतं. म्या बोललो न्हाय, त्यानं झालं."

"का बोलला न्हाईस?"

"मला मागं ठिवलं असतं."

आबांनी नजर उसाच्या नव्यानं फुटलेल्या खोडव्याकडं वळवली. मग हळू आवाजात म्हणाले, "एकदा माझ्याकडं एक मेंढी लंगडत व्हती. मुक्काम हलवायचा व्हता, म्हनून मी बाकीच्या धनगरांना सांगितलं न्हाय. तिच्या खुराला रोग व्हता. आठ दिसांत तीन वाड्यांचे कळप लंगडाया लागले. त्येंनी मला शिव्या दिल्या न्हाईत, पोरा. त्येंनी माझ्याबरुबर बसून औषध लावलं. तेच लई जड गेलं मला." ते उठले. "चल. तिच्या बापाला तोंडानं सांगाया पायजे. कागदात वाचू देऊ नगंस त्येला."

अशा रीतीनं मी बारामतीच्या रुग्णालयात आलो. माधवीचे वडील दत्तोबा बाकावर बसले होते. डेपोचा खाकी शर्ट अंगात तसाच होता. इंद्रजित उभ्यानंच सगळं बोलला. भंडाऱ्याबद्दल त्यानं एकच वाक्य सांगितलं. उरलेलं सगळं स्वतःच्या गप्प बसण्याबद्दल होतं. शेवटी म्हणाला, "पाच मिनिटं गेली काका. माझ्यामुळं."

दत्तोबा त्याच्या पट्ट्यांकडं बघत होते. "यंत्र दाव," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून बारीक पेचकस काढला. माझं झाकण उघडलं आणि आतली चिठ्ठी वाचली. लेकीचं अक्षर ओळखून त्यांचा हात थांबला. मग त्यांनी खटका सोडवला, टाचणीनं लगदा कोरला, नर्सकडून कापूस आणि स्पिरिट मागून फट पुसली. आबा शेजारी बसून कापसाचे बोळे करून देत होते.

"आमच्या डेपोत गाडी सुटायच्या आधी बघत्यात," बऱ्याच वेळानं दत्तोबा म्हणाले. "पुढं जाती का, एवढंच न्हाय. थांबती का, ते आधी बघत्यात. तुमचे सर निस्तं पुढं जाती का तेच बघत व्हते व्हय?"

"व्हय."

"त्येंना सांग. पुढच्या पोरांसाठी." त्यांनी मान वर केली नाही. "मला राग हाय, इंद्रजित. तो जाईल का न्हाय, मला ठावं न्हाय. पर तू रोज येत जा. तिला तुझा आवाज ओळखीचा हाय."

इंद्रजितला रडू आलं. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दत्तोबांनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

नवे सेल घालून दत्तोबांनी माझा खटका सरकवला. एका बोटानं, अलगद. मी शोधावर आलो. जवळपास कुणी हाक देत नव्हतं.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. मला आता कुणी डोंगरात नेणार नाही, आणि नेऊही नये. पण तुमच्याकडं माझ्यासारख्या वस्तू असतील: सायकलचा ब्रेक, घरातला गॅस, शाळेच्या गाडीचं दार. त्यांना माया लावा, हवं तर हळदही लावा. फक्त त्या दोन्ही बाजूंनी चालतात ना, ते पुन्हा पुन्हा पाहा. आणि काही अडलेलं दिसलं तर त्याच क्षणी मोठ्यानं सांगा, मागं राहावं लागलं तरी. वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

युवराजसरांनी मोहिमेचा अहवाल मंडळाला दिला आहे. त्यात लिहिलं आहे: 'रोजच्या तपासणीत शोध न पाहणं ही माझी चूक. या पाच मिनिटांचा परिणाम किती झाला, हे निश्चित सांगता येत नाही.'

आज बुधवार, सकाळचे सव्वाअकरा. इंद्रजित सलग नवव्या दिवशी माधवीच्या खाटेशी बसून तिला निरवांगीच्या गोष्टी सांगतो आहे. नऊ वाजता नर्सनं तिच्या उजव्या हातात बोट दिलं तेव्हा तिनं ते धरलं. मुद्दाम धरलं की आपोआप, ते डॉक्टर संध्याकाळी पुन्हा पाहणार आहेत.